उशिरा येणारे टाइमकीपर

सुरुवातीलाच माफी मागते. मला लिहायची सवय नाही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, विट्याकडचे. इथे बेंगळूरच्या नगरथपेटेत त्यांचं गलाईचं दुकान आहे. सराफांकडून येणारं जुनं सोनं वितळवून ते शुद्ध करून देतात. आमच्याकडे लिहिणं म्हणजे चिठ्ठीवर वजन, तारीख आणि सराफाचं नाव. त्यामुळे एका माणसावर पानंच्या पानं लिहायला बसले आहे हे मला स्वतःलाच जरा जास्त वाटतंय. शिवाय ज्यांच्यावर लिहितेय त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "घड्याळांवर लिही पुट्टी, माझ्यावर काय लिहितेस?" पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. मी एकोणीस वर्षांची आहे हे त्यांना अनेकदा सांगून झालं.

अण्णा म्हणजे माणिकराव लाड. त्यांचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कुठलं असं कुणी विचारलं तर ते "मल्लेश्वरम" म्हणतात. यशवंतपूरला पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे आता फ्लॅट झालेत. त्या कारखान्यात अण्णा टाइमकीपर होते. फाटकाजवळ एक मशीन असे. कामगाराने आत शिरताना आपलं कार्ड त्यात घालायचं, त्यावर वेळ छापली जायची. ते मशीन सांभाळायचं, सगळी कार्डं तपासायची आणि उशीर झालेल्यांच्या नावापुढे लाल खूण करायची, हे अण्णांचं काम. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, आणि तेच अण्णा स्वतः कधी कुठे वेळेवर पोचले नाहीत. अकराला येतो म्हणाले की आई दीडच्या जेवणात एक भाकरी जास्त टाकायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घड्याळं जमवायला आणि त्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. स्वतःची म्हणावीत अशी घड्याळं फार नव्हती, एका लोखंडी पेटीत मावतील इतकीच. फोटो मात्र शेकड्यांनी. दुसऱ्याचं घड्याळ हातात आलं की त्याचा फोटो काढायचा आणि ते परत करायचं. त्यांचं म्हणणं असं की घड्याळ ठेवायला कपाट लागतं, किल्ली द्यावी लागते, चोराची भीती असते. फोटोला यातलं काही लागत नाही.

त्यांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नसे. त्यामुळे रस्त्यात ते कुणालाही थांबवून वेळ विचारत. मला आधी वाटायचं, बिचाऱ्यांना खरंच वेळ हवी असते. नंतर लक्षात आलं की समोरच्याने मनगट वर उचलावं म्हणून हा उद्योग. त्याने वेळ सांगितली तरी यांचं उत्तराकडे लक्ष नसायचं. एकदा बसस्टॉपवर आयटीतल्या एका मुलाला त्यांनी विचारलं. त्याने खिशातून मोबाइल काढून वेळ सांगितली. अण्णा म्हणाले, "हातात आहे की रे, त्यात बघ." त्याने मनगट फिरवलं, काळी पाटी उजळली आणि तीत त्याची पावलं, हृदयाचे ठोके आणि कुणाचा तरी निरोप असं सगळं आलं. अण्णांनी ते नीट बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "यात सगळ्यांना जागा आहे बघ. वेळ आपली कोपऱ्यात बसलीय, पाहुण्यासारखी."

लग्नांना ते आवडीने जात. जेवणासाठी नाही, नवऱ्यामुलाच्या मनगटासाठी. आमच्या ओळखीच्या एका लग्नात मी त्यांच्यामागे रांगेत उभी होते. स्टेजवर पोचल्यावर त्यांनी नवऱ्याचा हात धरला तो सोडलाच नाही. आधी मनगट वळवलं, मग बाही जराशी वर सरकवली. मागे रांग थांबली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, कॅमेऱ्याकडे बघा." अण्णा म्हणाले, "तू काढ तुझा." मग नवऱ्याला विचारलं, "सासऱ्यांनी दिलं काय?" तो बिचारा हो म्हणाला. "चांगले आहेत सासरे. सांभाळ." घड्याळ सांभाळ की सासरे, हे नवऱ्याला कळलं नसावं.

माझी आणि त्यांची ओळख आमच्या दुकानातली. सराफांकडून येणाऱ्या जुन्या मालात कधीकधी घड्याळंही असतात, कुणाची सोन्याची, कुणाची नुसती मुलाम्याची. त्यांचं मशीन काढून टाकायचं आणि वरचं कवच वितळवायला मुशीत घालायचं. अण्णांना हे कुठून तरी कळलं आणि ते दर शनिवारी दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहू लागले.

"शंकरराव, आज घड्याळ?"

"एक हाय बघा. पण भट्टी पेटलीय अण्णा, बिगीबिगी उरका."

"दोन मिनिटं. स्वल्प थांबा."

"तुमच्या दोन मिनटात माझा अर्धा सिलिंडर जातोय."

"फोटो आधी काढायचा असतो शंकरराव. तुम्ही वितळवल्यावर मी कुणाचा काढू?"

आबा कपाळाला हात लावायचे आणि भट्टी बारीक करायचे. मराठी दोघांचंही, पण एकाचं विट्याचं आणि दुसऱ्याचं मल्लेश्वरमचं. दोघांनाही वाटे की समोरच्याला नीट बोलता येत नाही. फोटो काढून झाला की अण्णा निघताना न चुकता विचारत, "चाकाची खूण असलेलं काही आलं नाही ना?" आबा नाही म्हणत. हे कसलं घड्याळ, हे बरेच दिवस आम्हाला माहीत नव्हतं.

माझं कॉलेज त्यांच्या घराजवळ. एकदा त्यांनी मला खिडकीतला उजेड बघायला बोलावलं. मला वाटलं, काही तरी पूजा वगैरे असेल. तर खरोखर नुसता उजेड होता. समोरच्या घराच्या गच्चीवर पाण्याची पांढरी टाकी होती. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्यावर ऊन पडे आणि ते परतून अण्णांच्या टेबलावर येई, मऊ, दुधासारखं. हा कारभार चाळीसेक मिनिटांचा. दिवसात एवढ्या एका गोष्टीला अण्णा वेळेवर हजर असत.

टेबलावर तळ कापलेलं इडलीचं मोठं पातेलं उपडं ठेवलेलं, त्यावर उजेड गाळायला धोतराचं पान ताणलेलं, खाली करड्या कागदावर घड्याळ. काचेत कॅमेऱ्याची सावली दिसू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढायची. पंखा बंद. मीही मोबाइलवर त्याच घड्याळांचे फोटो काढू लागले. ते माझे फोटो बघत आणि म्हणत, "छान आहे. घड्याळ कुठेय यात?" एका दुपारी सगळं जमून आलं होतं, आणि फोटो मोठा करून बघितला तर तबकडीवर आडवा दोरखंड पडलेला. तो माझ्या स्वेटरचा एक तंतू होता. तोपर्यंत टाकीवरचं ऊन गेलं. मला इतकं वाईट वाटलं की मी दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा आमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभे. "का आली नाहीस? घड्याळ पळून गेलं नाही. ऊनही रोज येतंय. तू तेवढी गैरहजर."

एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. दुसऱ्याच्या घड्याळाचे काटे फिरवायचे नाहीत. ते जिथे थांबलं असेल तिथेच फोटो. जाहिरातीतल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं करून ठेवतात, म्हणजे कंपनीचं नाव झाकलं जात नाही. माझ्या एका फोटोत तासकाटा नेमका नावावर आला होता, म्हणून मी म्हटलं, "अण्णा, जरासा सरकवू?"

ते एकदम म्हणाले, "नको. मी एकदा सरकवलाय. तेवढं पुरे."

मग त्या दुपारी त्यांनी सगळं सांगितलं, कॅमेरा पुसता पुसता.

कारखान्यात एक पद्धत होती. ज्याच्या कार्डावर दहा वर्षं एकही लाल खूण नाही, त्याला मालकांच्या हस्ते मुलाम्याचं मनगटी घड्याळ मिळे. तबकडीवर कारखान्याच्या चाकाची खूण, मागे कामगाराचं नाव. मुनियप्पा नावाचा लेथवरचा कामगार होता. त्याची दहा वर्षं पुरी व्हायला एक महिना उरला होता. मशीनचं घड्याळ दर सोमवारी सकाळी अण्णा लावत, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावरून. आता अण्णांना घरातून निघायला नेहमीच उशीर. म्हणून त्या रविवारी त्यांनी आपलं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे करून ठेवलं, म्हणजे घाई होईल. सोमवारी धावतपळत पोचले आणि ती तीन मिनिटं विसरून त्याच घड्याळावरून मशीन लावलं. त्या दिवशी मुनियप्पाच्या कार्डावर दोन मिनिटं उशीर छापला गेला. अण्णांनी लाल खूण केली. मुनियप्पा काही बोलला नाही, खाली सही करून गेला. दुपारी शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं.

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? टाइमकीपरचंच घड्याळ चुकलं म्हणून? नोकरी गेली असती पुट्टी. मी जेवणाच्या सुट्टीत काटे मागे केले आणि गप्प बसलो."

त्या दिवसापासून त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं नाही, आणि निवृत्तीनंतर ते चाकाची खूण असलेलं घड्याळ शोधत होते. मुनियप्पाच्या हातात ते द्यायचं आणि खरं काय झालं ते सांगायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. बाकी सगळी घड्याळं त्या शोधात वाटेत भेटलेली. मुनियप्पा कुठे राहतो याचा पत्ता त्यांनी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देणाऱ्यांच्या रांगेत मिळवून ठेवला होता.

गेल्या वर्षी ते घड्याळ आलं, आमच्याच दुकानात. मुलाम्याचा एक मोठा ढीग होता, त्यात आबांना चाक दिसलं. त्यांनी भट्टी विझवली आणि मला फोन केला, "त्या तुझ्या अण्णाला घिऊन ये. आणि आज तरी येळेवर म्हणावं." अण्णा अर्ध्या तासात आले, रिक्षाने. घड्याळ उलटं करून बघितलं. नाव कोरायची जागा होती, पण नाव कोरलेलंच नव्हतं. म्हणजे द्यायचं राहून गेलेलं घड्याळ. अण्णा म्हणाले, "त्याचंच हे." आबांनी माझ्याकडे बघितलं. बदल्यात अण्णांनी सदऱ्याच्या सोन्याच्या गुंड्या काढून तराजूत ठेवल्या. सराफाला सोनं मिळाल्याशी मतलब.

मला वाटलं, आता ते उद्याच मुनियप्पाकडे जातील. ते गेले नाहीत. म्हणाले, आधी चांगला फोटो काढतो. मग म्हणाले, कडेला चकाकी येतेय. मग ढगाळ होतं. मग टाकीला नवा रंग दिल्यामुळे उजेड निळा येतोय. दोन महिने गेले. दरम्यान त्यांची मुलगी वैजूअक्का म्हैसूरहून आली आणि तिने ठरवून टाकलं की अप्पांनी, म्हणजे अण्णांनी, आता एकटं न राहता म्हैसूरला यायचं. घर सोडायची तारीखही ठरली.

एका दुपारी ते पुन्हा कडेची चकाकी दाखवू लागले. मला मोठ्या माणसांना उलट बोलता येत नाही. तरी बोलले. "अण्णा, फोटो चांगला आलाय. पहिल्याच दिवशी चांगला आला होता. तुम्हाला तिकडे जायची भीती वाटतेय."

ते धोतराच्या पानाची घडी घालू लागले. मला वाटलं, आता हे मला परत बोलावणार नाहीत. मग म्हणाले, "सरी, बरोबर. जाऊ नाही शकत मी. लिहितो."

कन्नडमध्ये त्यांनी पत्र लिहिलं. तीन मिनिटांची गोष्ट, आपण गप्प बसलो ते, आणि घड्याळ तुझंच आहे, कधी आणून देऊ असा प्रश्न. सोबत फोटो. खाली माझा फोन नंबर, कारण खिशात वाजणारी वस्तू त्यांनी कधी बाळगली नाही. पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकताना त्यांनी ते दोनदा परत ओढलं.

त्यानंतर मी रोज गेले की पहिला प्रश्न तोच. "फोन?"

"नाही अण्णा."

"रागावला असेल. रागावणारच." आणि मग, "पत्र नीट लिहिलं होतं ना मी?"

तीन आठवडे असेच गेले. भिंतीवरचे फोटो उतरले, खोकी बांधून झाली, निघायचा दिवस उजाडला. मी मदतीला म्हणून सकाळी गेले होते, आणि जिन्यातच माझा फोन वाजला. मुनियप्पाची सून बोलत होती, पुष्पा तिचं नाव. ते आता बेळ्ळंदूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात, पत्र जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत कालच पोचलं होतं. ती सांगत होती आणि मध्येमध्ये हसत होती. मी जिन्यात उभी राहून ऐकलं आणि हे अण्णांना कसं सांगायचं ते मला कळेना.

अण्णा खोक्यावर बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "आला?"

"आला."

"काय म्हणाला?"

"अण्णा, त्या सोमवारी मुनियप्पा उशिरा आले नव्हते दोन मिनिटं."

"तेच तर मी लिहिलंय."

"म्हणजे ते आलेच नव्हते. झोपले होते घरी. त्यांचं कार्ड मित्राने मशीनमध्ये घातलं. ते अर्ध्या तासाने मागच्या भिंतीवरून उडी मारून आत आले."

अण्णा खोक्यावर पुढे सरकले.

"त्यांना वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. कळूनसुद्धा तुम्ही तक्रार केली नाही, फक्त दोन मिनिटांवर भागवलंत. म्हणून ते गप्प सही करून गेले. घरात आजवर सांगतात म्हणे, आमचे टाइमकीपर देवमाणूस होते, माझी नोकरी वाचवली."

वैजूअक्का दारात उभी राहून ऐकत होती. ती हसायला लागली. मलाही वाटलं, आता अण्णा मोकळे होतील, डोळे पुसतील. ते उभे राहिले.

"कार्ड कोणी घातलं?"

"मित्राने."

"कोण मित्र?"

"नाव नाही सांगितलं."

"ते एकदाच झालं काय?"

इथे मला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "ती म्हणाली, महिन्यातून दोनतीनदा तरी व्हायचं. दहाही वर्षं."

"दहा वर्षं," अण्णा म्हणाले. "माझी खुर्ची त्या मशीनपासून चार हातांवर होती. वैजू, गाडी आधी बेळ्ळंदूरला घ्यायला सांग."

"अप्पा, म्हैसूर उलट्या दिशेला आहे. आणि त्या रिंग रोडचा ट्रॅफिक…"

"असू दे. कोणकोण होते ते मला कळलं पाहिजे. एकेकाचं नाव हवंय."

"आणि घड्याळ? ते द्यायचं की नाही आता?"

"ते नंतर बघू."

खोकी टेम्पोने पुढे गेली. अण्णा गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले, घड्याळाची डबी मांडीवर, हातात कोरी वही. माझ्याकडे हात करायचंही ते विसरले. म्हैसूरसाठी सिग्नलला उजवीकडे वळायचं असतं. गाडी डावीकडे वळली.

संध्याकाळी मी दुकानात आबांना चहा देत होते तेव्हा पुष्पाक्कांचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, तुमचे अण्णा आणि आमचे मामा, म्हणजे सासरे, दुपारपासून बाल्कनीत बसलेत. आधी मोठ्याने भांडले, शेजारच्या फ्लॅटमधले लोक बघून गेले. आता वही घेऊन कुणी कुणाचं कार्ड घातलं ते आठवून आठवून लिहितायत. अकरा नावं झालीत, बारावं आठवत नाहीये, त्यावरून परत आवाज चढलाय. वैजूअक्का सोफ्यावर झोपून गेल्या. रात्री सगळ्यांना जेवायलाच थांबवून घेतलंय.

मी विचारलं, "आणि घड्याळ?"

"ते दोघांच्या मध्ये टेबलावर आहे," त्या म्हणाल्या. "अजून कुणी हात लावलेला नाही."

आबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अकरा? मग त्या फाटकावर बसून हा माणूस बघत काय हुता?"